गोखले पूल: एका सांध्याची सात वर्षं

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू हलक्या वाहनांसाठी खुली झाली. पूर्व आणि पश्चिम अंधेरीतल्या लोकांनी या दिवसाची सव्वा वर्षाहून जास्त वाट पाहिली होती. पण पुलावर पोहोचलेल्या प्रत्येकाला पश्चिमेकडचं दृश्य लगेच दिसलं. जुहूकडून येणारा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल पूर्वी थेट गोखले पुलाला मिळत असे. आता तो दीड ते दोन मीटर खाली संपत होता आणि नवा पूल त्याच्या डोक्यावरून जात होता. दोन्ही पूल महापालिकेच्या ताब्यातले, दोन्ही शेजारी, आणि मधली जोडणी गायब. फोटो संध्याकाळपर्यंत राज्यभर फिरले आणि ‘अभियंत्यांनी माप चुकवलं’ असा निकाल लोकांनी देऊन टाकला.

मला तो निकाल अपुरा वाटतो. एका अभियंत्याने माप चुकवलं असतं, तर एक चौकशी आणि एक निलंबन इथे विषय संपला असता. प्रत्यक्षात या पुलाचा प्रत्येक तुकडा कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात होता आणि प्रत्येकाने आपापला तुकडा आपल्या नियमाप्रमाणे केला. दोन तुकडे जिथे मिळतात ती जागा मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नव्हती. हे दुखणं २०२४ मध्ये जन्माला आलेलं नाही. २०१८ पासूनच्या घटना क्रमाने पाहिल्या की ते स्पष्ट होतं.

३ जुलै २०१८

पूल १९७५ सालचा. खालून पश्चिम रेल्वेचे रूळ, वरून पूर्व आणि पश्चिम अंधेरीला जोडणारा रस्ता. पूर्वेला तो न. स. फडके मार्गाने पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे जातो, पश्चिमेला एस. व्ही. रोड आणि जुहूकडे. ३ जुलै २०१८ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास, मुसळधार पावसात, पुलाच्या कडेचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. येणाऱ्या लोकलच्या मोटरमनने वेळेत इमर्जन्सी ब्रेक लावला म्हणून मोठा अनर्थ टळला. तरीही ढिगाऱ्याखाली माणसं सापडली आणि जखमींपैकी दोघांचा पुढे मृत्यू झाला. पश्चिम रेल्वेची सेवा दिवसातला बराचसा वेळ ठप्प होती.

ढिगारा उचलला जात असतानाच वाद सुरू झाला, पूल कोणाचा? रेल्वेचं म्हणणं, बांधकाम महापालिकेच्या रस्त्यासाठी आहे, वरचा भाग त्यांनी पाहायचा. महापालिकेचं म्हणणं, रेल्वे हद्दीत आमच्या माणसांना हात लावता येत नाही, देखभालीसाठी आम्ही रेल्वेला पैसे देतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं आणि म्हणूनच परिस्थिती इतकी वाईट होती. कागदावर जबाबदारी दोघांची होती, पण लोखंडाला गंज किती चढलाय हे पाहायला खाली उतरणारा माणूस नक्की कोणाचा, हे ठरलेलं नव्हतं.

कोसळलेला भाग कसा झिजला याचा तपशील पाहिला तर हे अधिक उमगतं. पुलाच्या मुख्य अंगाबाहेर कडेला काढलेला तो पदपथ. वर्षानुवर्षं त्यावरून केबली टाकल्या गेल्या, त्यांच्यावर वाळूचा थर आला, वाळूवर पेव्हर ब्लॉक बसले. खाली आधार देणारं लोखंड गंजत होतं. केबल टाकायची परवानगी एका खात्याची, पेव्हर ब्लॉकचं काम दुसऱ्या खात्याचं, लोखंडाची तपासणी तिसऱ्या यंत्रणेची. वरून वजन वाढतंय आणि खालून ताकद कमी होतेय, हे दोन्ही एकाच वहीत लिहिणारं कोणी नव्हतं.

मुंबईला या धोक्याची जाणीव नव्हती असं नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली होती. गोखले पुलाच्या दुर्घटनेनंतर रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी रेल्वे, महापालिका आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून ४४५ पुलांची संयुक्त तपासणी जाहीर केली. त्याच महिन्यात लोअर परळचा डिलाइल पूल धोकादायक ठरवून बंद करण्यात आला आणि तो पूर्णपणे सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडून ७ जण दगावले. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचा शेरा त्यावर होता. ऑडिट झालं म्हणजे पूल सुरक्षित, हा समज त्या संध्याकाळी मोडायला हवा होता.

चार वर्षं हातात होती

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा काळ २०१८ ते २०२२ आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. पुलाचा एक भाग पडलेला, बाकीचा पूल ४३ वर्षांचा, वर समुद्राकाठची खारी हवा आणि मुंबईचा पाऊस. हा पूल आज ना उद्या पाडून नवा बांधावा लागणार, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. महापालिकेने रेल्वे हद्दीबाहेरच्या पोहोच रस्त्यांचं काम हाती घेतलंही. पण पुलाचा गाभा, म्हणजे रुळांवरचा भाग, तसाच राहिला आणि वाहतूक त्यावरून चालू राहिली.

मग २०२२ च्या पावसाळ्यानंतर सल्लागारांनी पूल वाहतुकीस धोकादायक असल्याचा अहवाल दिला. काही दिवसांच्या सूचनेवर ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल पूर्ण बंद झाला. धोका असेल तर बंद करणं बरोबरच होतं, त्याबद्दल मी महापालिकेला किंवा वाहतूक पोलिसांना दोष देणार नाही. माझा आक्षेप क्रमाबद्दल आहे. रुळांवरच्या नव्या तुळया, म्हणजे पुलाचा भार पेलणारे पोलादी गर्डर, बनवायचं काम पूल बंद झाल्यानंतर मार्गी लागलं. आराखड्याला रेल्वेची मंजुरी, पोलाद, कारखान्यातलं काम, सुटे भाग मुंबईत आणणं, जोडणी, रेल्वेचा ब्लॉक (गाड्या थांबवून कामाला मिळणारा वेळ), चाचणी ही सगळी साखळी शहराचा रस्ता बंद असताना हलत राहिली. यातला निम्मा काळ आधीच्या चार वर्षांत पार पाडता आला असता. पूल चालू असताना आराखडा मंजूर करून तुळया कारखान्यात तयार ठेवायच्या, मगच पूल बंद करायचा. रेल्वे स्वतःचे पूल बदलताना अशाच क्रमाने जाते, कारण गाड्या वर्षभर थांबवणं तिला परवडत नाही. रस्त्यावरच्या माणसाचा वेळ मात्र आपल्याकडे फुकट धरला जातो.

बंद झाल्यावरही पहिला प्रश्न तोच आला. रुळांवरचा जुना भाग पाडायचा कोणी? बैठका झाल्या आणि अखेर ठरलं की पाडकाम पश्चिम रेल्वे करेल, बांधकाम महापालिका करेल. पाडकाम २०२३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचे ब्लॉक घेऊन झालं. महापालिकेने मे २०२३ पर्यंत दोन मार्गिका सुरू करायचं जाहीर केलं होतं. ती मुदत गेली. तुळया तयार होत होत्या अंबाल्याच्या कारखान्यात, आणि जुलै २०२३ च्या पुरात तो भागच पाण्याखाली गेला. पूर कोणाच्या हातात नसतो, हे मान्य. पण शहराचा श्वास अडकवणारं काम एका कारखान्यावर आणि एका पावसाळ्यावर अवलंबून राहिलं, ही वेळ आधीच्या चार वर्षांनी आणली होती.

पहिली तुळई २ डिसेंबर २०२३ च्या रात्री रुळांवर सरकवण्यात आली. लांबी सुमारे ९० मीटर, वजन सुमारे १,३०० टन. आधी वरच्या पातळीवर आडवी सरकवायची आणि मग जॅकच्या आधाराने इंचाइंचाने सुमारे साडेसात मीटर खाली उतरवायची, असं ते काम. खाली पश्चिम रेल्वेची धावती लाइन. कामगारांनी आणि अभियंत्यांनी हे काम निर्धोक पार पाडलं याचं कौतुक व्हायला हवं होतं. तीन महिन्यांनी दिसलेल्या फरकामुळे ते राहूनच गेलं.

वाहतूक कुठे गेली

पूल बंद करताना वाहतूक पोलिसांनी सहा पर्याय दिले: खार सबवे, सांताक्रूझचा मिलन सबवे उड्डाणपूल, विलेपार्ल्याचा कॅप्टन विनायक गोरे पूल, अंधेरी सबवे, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे उड्डाणपूल आणि गोरेगावचा मृणालताई गोरे उड्डाणपूल. कागदावर यादी भरगच्च आहे. नकाशावर पाहिलं तर खार ते गोरेगाव असा सगळा पट्टा त्यात आला, आणि त्यातला प्रत्येक रस्ता आधीपासून त्याच्या क्षमतेच्या काठावर होता.

सर्वांत जवळचा पर्याय अंधेरी सबवे. सखल जागा आणि मोगरा नाल्याचं पाणी यामुळे तो दर पावसाळ्यात बुडतो. जोराच्या सरीत तासाभरात तिथे पाणी साचतं, पोलीस दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावतात आणि रिक्षा मागे वळतात. गोखले पूल चालू असताना त्या वळलेल्या रिक्षांना दुसरा रस्ता होता. २०२३ च्या पावसाळ्यात तो नव्हता. सबवे बंद, पूल बंद, आणि पूर्वेच्या माणसाला पश्चिमेच्या कूपर रुग्णालयात जायचंय, अशी वेळ येऊ शकते हे नियोजन करणाऱ्याला आधी दिसायला हवं. म्हणून अशा प्रकल्पात सबवेमधलं पाणी उपसायची व्यवस्था हा पर्जन्यजल खात्याचा स्वतंत्र विषय राहूच शकत नाही. तो पुलाच्या कामाचाच भाग असतो. पूल बंद करायच्या आदेशावर सही होण्याआधी मोगरा नाल्याच्या कामाची मुदत त्याच फाइलमध्ये हवी.

इथे प्रशासनाची रचना आडवी येते. रेल्वेचे रूळ हीच महापालिकेच्या दोन विभागांची सीमा आहे: पूर्वेला के पूर्व, पश्चिमेला के पश्चिम. पूल खाते मुख्यालयाच्या अखत्यारीतलं. वाहतूक पोलीस राज्याच्या गृह खात्याकडे. बस बेस्टची. फेरीवाले आणि रस्त्याकडेचं पार्किंग हटवायचं तर विभाग कार्यालय आणि पोलीस दोघं हवेत. पर्यायी रस्त्यावर दुहेरी पार्किंग असेल तर तो पर्याय नकाशातच राहतो, आणि पार्किंग कोण हटवणार यावर पुन्हा पत्रव्यवहार सुरू होतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. ७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबल्यामुळे कारभार प्रशासकांकडे गेला. पूल बंद करण्यापासून तो पूर्ण खुला होईपर्यंतचे सगळे निर्णय या काळातले. स्थायी समिती असती म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं, असा माझा दावा नाही. आधीची चार वर्षं नगरसेवक होतेच. पण समितीत विषय आला की निदान प्रश्न विचारला जातो, उत्तर इतिवृत्तात नोंदलं जातं आणि ते पुढच्या बैठकीत काढून दाखवता येतं. ‘नवा पूल उंच होणार, मग बर्फीवाल्याचं काय?’ हा प्रश्न दोन वर्षं आधी मोठ्याने विचारला जाण्याची जागाच शहरात उरली नव्हती. स्थानिक आमदारांनी आणि नागरिक संघटनांनी पाठपुरावा केला, पण पत्र लिहिणारा आणि ज्याला उत्तर द्यावंच लागतं असा सभागृहातला सदस्य यांत फरक आहे.

दीड मीटर आला कुठून

आता मूळ मुद्द्याकडे. रुळांवरच्या पुलासाठी रेल्वे ठरावीक मोकळी उंची मागते, कारण खाली विजेच्या तारा असतात. १९७५ नंतर हे निकष बदलले. नवा पूल जुन्यापेक्षा उंच बांधावा लागला आणि म्हणून फरक अटळ होता, असं महापालिकेचं स्पष्टीकरण होतं. उंची वाढणार हे त्यात खरं आहे. पण ते आराखड्याच्या दिवसापासून माहीत होतं.

उंची वाढली की उतार लांबवावा लागतो. शहरी पुलाला साधारण ३० मीटरला १ मीटर असा उतार धरला, तर दीड मीटर उतरायला ४५ मीटर रस्ता जास्तीचा लागतो. एस. व्ही. रोडकडे जाणाऱ्या पोहोच रस्त्याला ती जागा करून घेता येते. बर्फीवाला पूल मात्र रेल्वे हद्दीच्या जवळच, हवेतल्या हवेत गोखले पुलाला मिळतो. तिथे उताराला लांबीच नाही. म्हणजे पर्याय एकच: बर्फीवाल्याचं शेवटचं अंग वर उचलणं. हा निष्कर्ष शाळकरी भूमितीत निघतो. तो २०२२ मध्ये निघून, त्याचं कंत्राट गोखले पुलाच्या कंत्राटासोबत निघायला हवं होतं. उंचीच्या मंजुरीसाठी रेल्वेकडे जो सर्वसाधारण आराखडा जातो, त्यात रेल्वेने आपल्या रुळांवरची मोकळी उंची पाहिली. हद्दीबाहेर तो पूल कशाला मिळतो हे पाहणं रेल्वेचं काम नव्हतं. ते काम महापालिकेचं होतं, आणि महापालिकेने ते नंतरसाठी ठेवलं.

उद्घाटनानंतर टीका झाली तेव्हा महापालिका व्हीजेटीआय (माटुंग्याची अभियांत्रिकी संस्था) आणि आयआयटीकडे गेली. व्हीजेटीआयने उचलण्याचा मार्ग सुचवला आणि एप्रिल २०२४ मध्ये काम सुरू झालं. पुलाचं अंग ज्या बेअरिंगवर टेकलेलं असतं तिथून ते मोकळं करायचं, खाली हायड्रोलिक जॅक लावायचे, थोडं थोडं उचलायचं, उचललेल्या उंचीला खाली पेडेस्टल म्हणजे काँक्रीटचे ठोकळे बांधायचे आणि पुन्हा टेकवायचं. एका बाजूला १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर इतकं ते अंग उचललं गेलं. मग दोन्ही पुलांच्या सळया जोडून मधला सांधा काँक्रीटने भरला. वर जूनचा पाऊस, खाली रहदारी. ४ जुलै २०२४ रोजी बर्फीवाल्यावरून गोखले पुलावर हलकी वाहनं पुन्हा जाऊ लागली.

या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. उचलण्याचं काम सुरू झाल्यापासून वाहतूक सुरू होईपर्यंत तीन महिन्यांच्या आत काम झालं. म्हणजे अडचण तांत्रिक कधीच नव्हती. पहिली तुळई २०२३ मध्ये कारखान्यात अडकली होती, तेव्हा बर्फीवाल्याच्या टोकाशी कामाला भरपूर वेळ होता. जोडणी तुटलेलीच होती, वाहतूक त्यावरून जातच नव्हती. त्या रिकाम्या महिन्यांत हे काम सुरू झालं असतं तर २६ फेब्रुवारीला पूल जोडूनच खुला झाला असता.

दुसऱ्या बाजूची तुळई २०२४ च्या उत्तरार्धात चढली आणि एप्रिल २०२५ ची मुदत थोडी ओलांडून ११ मे २०२५ रोजी पूल पूर्ण क्षमतेने खुला झाला. पदपथ पडल्यापासून जवळजवळ सात वर्षं, वाहतूक थांबल्यापासून अडीच वर्षं.

पुढच्या पुलांसाठी

त्याच मे महिन्यात रे रोडचा नवा केबल-आधारित पूल सुरू झाला. तो महारेलने, म्हणजे राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालयाच्या संयुक्त कंपनीने बांधला. तिथे रुळांवरचा भाग आणि पोहोच रस्ते एकाच हाताखाली होते. मुंबईतल्या आणखी काही जुन्या रेल्वे पुलांचं काम याच पद्धतीने दिलं गेलंय. एका यंत्रणेकडे सगळं दिलं की विलंब होतच नाही, असं कोणी समजू नये. झाडं, बाधित रहिवासी, ब्लॉक या अडचणी तिथेही असतात. पण पूल जिथे रस्त्याला मिळतो त्या बिंदूसाठी उत्तर द्यायला एक माणूस असतो, आणि गोखले पुलावर नेमका तोच नव्हता.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ नुसार रस्ते आणि पूल बांधणं व राखणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. रेल्वे हद्दीतल्या तुकड्यापुरतं ते कर्तव्य संपतं, असा अर्थ लावायला मी तयार नाही. रुळांवरचं बांधकाम दुसऱ्याने केलं तरी रस्ता शहराचा आहे, आणि त्या रस्त्यावरचा माणूस सुरुवातीपासून शेवटापर्यंत नीट पोहोचतो की नाही हे पाहणं महापालिकेवरच येतं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक रेल्वे उड्डाणपुलासाठी महापालिकेने नावानिशी एक प्रकल्पप्रमुख नेमावा, ज्याच्या अधिकारात दोन्ही विभाग कार्यालयं, पूल खातं, पर्जन्यजल खातं आणि रेल्वेशी समन्वय येईल. आराखडा मंजुरीला जाण्याआधी दोन्ही टोकांना मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्याची आणि पुलाची पातळी एका पानावर काढावी आणि ते पान संकेतस्थळावर टाकावं. तुळया कारखान्यात तयार झाल्याचा दाखला आल्याखेरीज, तातडीचा धोका नसेल तर, पूल बंद करू नये.

१ ऑगस्ट २०२४ रोजी शीवचा रेल्वे पूल बंद झाला आणि तिथे पाडकाम व रुळांवरचं बांधकाम मध्य रेल्वेकडे, पोहोच रस्ते महापालिकेकडे, अशीच वाटणी झाली. शीवच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा आणि त्यात फक्त दोन गोष्टी मागाव्यात: नव्या पुलाच्या दोन्ही टोकांची मंजूर पातळी, आणि ती जिथे आजच्या रस्त्याला मिळते त्या जागेच्या कामाची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर आहे त्याचं पदनाम.